रात्रीची सायकल: आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीवाल्याला आपण दिसतो असं नाही

सायकल_सोलापूर:
मंडळी, हा धागा मुद्दाम आत्ता काढतोय. दिवाळी झाली की आपल्याकडं सोलापुरात दोन गोष्टी एकदमच होतात, दिवस लहान होतो आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. साडेसहाला मिट्ट काळोख. त्याच सुमाराला अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यातली माणसं सुटतात, कोण विडी घरकुलकडं, कोण कुंभारीकडं, आणि त्यातली कितीतरी माणसं अजून सायकलवरच आहेत. ग्रुपमधे आपण कायम हेल्मेट, गियर, कुठली राईड किती किलोमीटर यावर बोलतो, पण रोज रात्री सायकल चालवणारा खरा माणूस हा आहे, आणि त्याच्या सायकलला पुढं दिवा नाही, मागचा लाल काचेचा तुकडा कधीचा फुटलाय, नसला फुटला तरी कॅरियरला डब्याची पिशवी लटकवलेली असते आणि ती बरोब्बर त्याच्यासमोर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की सायकलवाल्याला गाडी लांबून दिसते, तिचे दोन झगझगीत दिवे असतात ना, म्हणून त्याला वाटतं की गाडीवाल्यालाही आपण तेवढ्याच लांबून दिसतोय. तसं नसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या लोकांनी बंद ट्रॅकवर रात्री ड्रायव्हरांना गाडी चालवायला लावून हे तपासलं, २०१२ साली ते छापून आलं. काळ्या कपड्यातला सायकलस्वार ड्रायव्हरांनी १०० पैकी फक्त २ वेळा ओळखला. फ्लुरोसंट (भडक पोपटी-भगवं) जाकीट घातलं तर १५. रिफ्लेक्टिव (दिव्याचा उजेड माघारी फेकणारं) जाकीट घातलं तर ५०. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्याला आणि गुडघ्याला रिफ्लेक्टिव पट्ट्या बांधल्या की ९०. म्हणजे नुसत्या चार पट्ट्यांनी ५० चे ९० झाले. कारण पाय वरखाली हलतो, आणि अंधारात हलणारा पाय दिसला की डोक्यात लगेच पेटतं की हा माणूस आहे, खांब नाही, मैलाचा दगड नाही.

तुम्ही काय करता, काय बघितलंय, काय टिकतं काय टिकत नाही ते लिहा. गाडी चालवणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

स्टेअरिंग_४०७:
मी टेंपो चालवतो, गाठी घेऊन रात्रीच निघावं लागतं. खरं सांगतो मालक, सायकलवाला दिसतच नाही. दिसंना म्हणजे दिसंना. समोरून कार येती, तिचा एलईडी अप्पर डोळ्यात घुसतो, ती पास झाल्यावर दोन तीन सेकंद पुढं नुसता काळा पडदा असतो आणि त्याच काळ्यात डाव्या बाजूला कोणतरी चाललेला असतो. त्यात काचेवर धूळ. आपल्या गावची धूळ तुम्हाला माहितीय, सकाळी पुसलेली काच संध्याकाळी परत पांढरी, समोरून लाईट आला की अख्खी काच चमकती आणि आरपार काहीच कळंना.
लोक म्हणतात ड्रायव्हर बघत नाहीत. बघतो हो आम्ही, आम्हाला पण घरी लेकरं आहेत. पण दिसायला काहीतरी पाहिजे ना. मागं एक छोटा लाल दिवा असला तरी मी लांबूनच गाडी उजवीकडं घेतो. पायडलचं पिवळं रिफ्लेक्टर वरखाली होताना दिसलं तर अजून बरं, लगेच कळतं सायकल आहे म्हणून.

फिजिक्सवाले_सर:
वरच्या दोघांच्या बोलण्याला आकडे जोडतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरला (अचानक अंधारातून काही आलं तर जास्तच लागतो) तर २५ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असताना, आणखी २०-२५ मीटर. झाले ५० मीटर. भरलेल्या टेंपोला याहून जास्त. आणि लोअर बीमवर काळ्या शर्टातला माणूस ५० मीटरच्या बराच अलीकडे येईपर्यंत नीट उठून दिसत नाही. म्हणजे ड्रायव्हर कितीही भला असला तरी गणितच जुळत नाही.

दुसरं, फ्लुरोसंट आणि रिफ्लेक्टिव यात लोक घोळ करतात. तो पोपटी किंवा भगवा भडक रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, रात्री गाडीच्या दिव्यात ते किरण जवळपास नसतातच, म्हणून रात्री तो साधा फिका कपडा होतो. वरच्या अभ्यासात १५ आलेत ते त्यामुळेच. रिफ्लेक्टिव पट्टीत बारीक काचेचे मणी नाहीतर छोटे छोटे प्रिझम असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच माघारी पाठवतात, ड्रायव्हरचा डोळा दिव्याच्या जवळच असल्यामुळे त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. बाजूला उभ्या माणसाला तीच पट्टी करडी दिसेल. तपासायचं असेल तर मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी कपाळाला धरून बघा, हातात खाली धरून बघू नका.

पूर्वभाग_अण्णा:
सर तुमचं सगळं बरोबर असेल पण हे जाकीट, घोट्याच्या पट्ट्या, चार्जिंगचे दिवे हे सकाळी कंबर तलावाला चक्कर मारणाऱ्यांचं झालं. आमच्याकडं मागावर काम करणारा माणूस आठवड्याच्या पगारावर घर चालवतो. त्याला म्हणायचं हजार रुपयाचं जाकीट घे? आणि उन्हाळ्यात आपल्या गावात जाकीट घालून सायकल चालवून दाखवा कोणीतरी. एप्रिल मे मधे रात्री नऊला सुद्धा रस्ता भाजत असतो. रस्त्यावरचे दिवे नीट लावा आधी, कितीतरी खांबांवरचे बंदच आहेत, मग गरिबाला शिकवा.

सायकल_सोलापूर:
अण्णा, रस्त्याचे दिवे लागलेच पाहिजेत, त्यासाठी अर्ज द्यायला मी तुमच्याबरोबर येतो, खांबावर नंबर असेल तर तो आणि जवळची खूण लिहून दिली की टाळाटाळ करता येत नाही. पण दिवे लागेपर्यंत माणूस रोज घरी जाणारच आहे ना.

आणि जाकीट मी सांगतच नाहीये. उलट आकडे बघा, जाकिटावर नुसत्या पायाच्या पट्ट्या वाढवल्या तर ५० चे ९० झालेत. नंबर प्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडं जा, ट्रकच्या मागं लावतात ती रिफ्लेक्टिव टेप फुटावर मिळते, एका सायकलला दीड दोन फूट खूप झाली, चहा-भज्याच्या खर्चात काम होतं. फक्त एक बघून घ्या. रेडियमच्या दुकानात नुसता रंगीत चमकणारा स्टिकरही मिळतो, नावं आणि देवाची चित्रं काढायला वापरतात तो, त्यातला बराचसा रात्री काही कामाचा नसतो. टेपवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते का बघा आणि सरांनी सांगितलं तसं कपाळाला टॉर्च धरून दुकानातच तपासा.

लावायची कुठं, तर पहिली जागा पायडलचा दांडा. चेनच्या बाजूचा आणि उलट बाजूचा, दोन्ही. बोटभर रुंद तुकडा कापून दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लावला की पायडल माराल तसा तो गोल फिरतो, बाजूच्या गल्लीतून गाडी येत असेल तर तिला दिसतो. पायडलला मूळचे पिवळे रिफ्लेक्टर असतील तर माती पुसून घ्या, नसतील तर (स्वस्तातलं पायडल बदलून टाकतात त्याला बऱ्याचदा नसतातच) पायडलच्या मागच्या पुढच्या कडेला टेप. मग मागच्या मडगार्डवर लाल, पण खाली, पिशवी लटकते त्याच्याखाली. मग सीटखालून मागच्या चाकाकडं येणाऱ्या दोन्ही दांड्या. तिथं ती कडक नक्षीची टेप बसत नाही, गोल पाइपवर दोन दिवसात कड उचलते, तिथं मऊ कापडी रिफ्लेक्टिव पट्टी लावा. लावायच्या आधी ती जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, चेनचं वंगण उडालेलं असतं तिथं, त्यावर काहीच चिकटत नाही. लावल्यावर अंगठ्यानं मधून बाहेर दाबत न्या आणि कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपऱ्यापासूनच टेप सुटायला लागते.

पूर्वभाग_अण्णा:
असं सांगितलं तर पटतंय. दांड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं बायकापण सायकलवर असतात, साडी नाहीतर पंजाबी ड्रेस, घोट्याला पट्टी कुठून बांधणार आणि बांधली तरी झाकून जाती. पायडल आणि दांडा सगळ्यांनाच चालतंय.

पहाटेची_राईड:
मी दवाखान्याच्या आधी पहाटे पाचला होटगी रोडनं जाते. आसरा चौकाच्या पुढे उजेड कमी होत जातो. माझा मुद्दा दिव्यांबद्दल.

मागचा लाल दिवा हवाच, यूएसबीवर चार्ज होणारे दोन अडीचशेपासून मिळतात. पण लुकलुकता ठेवायचा की सलग यावर लोकांची मतं वेगळी आहेत. लुकलुकणारा लक्ष पटकन वेधतो, पण घोर अंधारात त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही, पेटतो तेव्हा एका जागी आणि परत पेटतो तेव्हा दुसऱ्या जागी. जर्मनीत तर सायकलच्या नेहमीच्या दिव्याला लुकलुकायची परवानगीच नाही, सलगच लागतो, आणि पायडलला रिफ्लेक्टर तिकडे कायद्यानंच लागतात. मी शहरात उजेडाच्या रस्त्यावर लुकलुकता ठेवते आणि गावाबाहेर सलग. दोन दिवे असतील तर एक असा एक तसा.

पुढचा दिवा मात्र कृपा करून खाली वाकवून लावा. समोरच्या रायडरच्या तोंडावर टॉर्च मारत येणारे खूप झालेत. आपण कारवाल्यांना अप्परवरून बोलतो आणि स्वतः तेच करतो. आठ दहा मीटरवर रस्त्यावर उजेड पडेल इतका खाली, खड्डाही दिसतो आणि समोरच्याचे डोळेही जात नाहीत. पहाटे कुत्र्यांच्या टोळ्या असतात त्याही आधी दिसतात, तो फायदा वेगळाच.

मंद्रूपकर:
ट्रॉलीवाल्याची बाजू पण ऐका. माझी ट्रॉली हाय. ऊस भरला की तो मागनं चार चार फूट बाहेर येतो आणि ट्रॉलीचा लाल दिवा असला तरी झाकून जातो, रिफ्लेक्टर पण झाकतो. हंगामाच्या सुरवातीला आरटीओ आणि कारखानेवाले पट्ट्या लावत्यात, पण दोन खेपा झाल्या की चिखलानं गेल्याच. मी आता उसाच्या शेवटच्या मोळीलाच रिफ्लेक्टरचं कापड बांधतो, कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो की सोडून घेतो, परत बांधतो. सगळ्यांनी हेच करायला पाहिजे. विजापूर रोडला सायकलवाला ट्रॉलीच्या मागं मागं वाऱ्याच्या आडोशानं येतो, त्याला वाटतं मोठ्या गाडीच्या मागं आपण सुरक्षित. तसं करू नका. मला आरशात तुम्ही अजिबात दिसत नाय, मी दाबला ब्रेक तर तुम्ही उसात.
आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर दगड लावून सोडून जाणारे आमच्यातलेच हायेत, त्यांना मी पण बोलतो. निदान कडेला घ्या आणि मागं लांबवर काहीतरी चमकणारं ठेवा.

सायकल_सोलापूर:
मंद्रूपकर, मोळीला कापड बांधायची युक्ती फार कामाची आहे, ही ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर टाका प्लीज.

गिरणीतले_काका:
आमच्या तरुणपणी सायकलला दिवा नसला की चौकात पोलीस अडवायचे आणि सरळ चाकातली हवा सोडायचे. मग ढकलत घरी. त्यामुळे डायनॅमो असायचाच, चाकाला बाटलीसारखा टेकलेला, ६ व्होल्ट ३ वॅटचा, चढावर सायकल जड लागायची पण पुढं पिवळा उजेड आणि मागं लाल. मिलचा भोंगा झाला की सायकलींची रांगच्या रांग बाहेर पडायची, आणि रांग असल्यामुळंच दिसायची. आता तसं नाही, माणूस एकटा असतो. माझं सांगणं असं की पाळी सुटल्यावर चौघं पाच जणं एका दिशेचे असतील तर एकामागोमाग चला, शेवटच्याला लाल दिवा द्या. एकाच दिव्यात पाच जणांचं भागतं.

जुळेसोलापूरकर:
माझा एक प्रश्न आहे. मी सैफुलकडून येताना उजव्या बाजूनंच येतो, म्हणजे समोरून गाडी येताना मला दिसते आणि मी बाजूला होऊ शकतो. मागून काय येतंय ते कळत नाही त्यापेक्षा हे बरं ना? चालताना तर असंच सांगतात.

फिजिक्सवाले_सर:
नाही, असं करू नका. चालणारा ताशी पाचच्या वेगाने असतो आणि एका पावलात थांबतो, म्हणून त्याला समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायला सांगतात. तुम्ही १५ ने येता. गाडी ६० ने तुमच्याच दिशेने जात असेल तर ती तुमच्याजवळ ४५ ने येते, समोरून आली तर ७५ ने, म्हणजे दोघांनाही वेळ जेमतेम साठ टक्के. शिवाय गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्यावर येणारा ड्रायव्हर उजवीकडे बघून गाडी काढतो कारण वाहनं तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून आलात तर तो तुमच्याकडे बघणारच नाही. आणि तुमचा लाल रिफ्लेक्टर तुमच्या पाठीमागे असतो, समोरच्याला त्याचा उपयोग शून्य.

स्टेअरिंग_४०७:
सर बरोबर बोलले. रॉंग साईडचा सायकलवाला म्हणजे आमच्या काळजात धस्स होतं. अजून एक, एकदम कडेला, मातीत चाक घालून चालवू नका. तिथं चेंबर असतो, वाळू असती, मग अचानक आत येता आणि आम्ही शेजारी असतो. कडेपासून हातभर आत, पण सरळ रेषेत चला, आम्हाला अंदाज येतो. आणि सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूला येऊन थांबू नका बे, सात रस्त्याला रोज बघतो, कॅबिनमधून खाली डावीकडचं काही दिसत नाही आणि गाडी वळली की मागची चाकं आत येतात. मागंच थांबा.

पहाटेची_राईड:
आणि तुम्ही ओव्हरटेक करताना जागा सोडा दादा. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर सोडणं बंधनकारक आहे. आपल्याकडे आकडा कोणी पाळत नाही, पण दार उघडलं तर जेवढी जागा लागेल त्याहून जास्त, एवढं तरी मनात धरा. मोठी गाडी जवळून गेली की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो, हँडल हलतं. रात्री तर हॉर्न अगदी मागे येऊन वाजवू नका, दचकून माणूस उजवीकडेच वळतो. लांबूनच एकदा डिपर (दिव्याची उघडझाप) द्या, आपली सावली पुढे पडलेली दिसते, कळतं.

स्टेअरिंग_४०७:
हे मान्य ताई. डिपरचं सगळ्यांना सांगतो.

कोजागिरी_वारी:
सायकल नाही पण विषय हाच म्हणून लिहितोय. कोजागिरीला आपल्या गावातून हजारो लोक रात्रभर चालत तुळजापूरला जातात, ४५ किलोमीटरच्या आसपास. मधे मोठी गर्दी असते तोवर ठीक, पण पहाटे मागं पडलेले दोघं तिघं एकटे चालत असतात, पाय ओढत, रस्त्याच्या आत. पाठीच्या पिशवीला मागून टेपचा एक हातभर तुकडा लावला तर काय जातंय. आमच्या गल्लीतल्या पोरांना पुढच्या वेळी लावायला सांगणार आहे. आषाढीच्या दिंड्यांनाही शेवटच्या माणसाला द्यायला पाहिजे.

पहाटेची_राईड:
अजून एक, डॉक्टर म्हणून. रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा, आपली गाडी मागे थोड्या अंतरावर इंडिकेटर लावून उभी करा म्हणजे दुसरी गाडी येऊन आदळणार नाही, हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. पाणी पाजायची घाई करू नका.

जुळेसोलापूरकर:
सरांचं वाचून उद्यापासून डावीकडूनच येतो. काकांचं वाचून डायनॅमो परत लावावा वाटतोय, चार्जिंगची कटकट नाही. मिळतो का अजून?

गिरणीतले_काका:
जुन्या सायकल दुकानात विचारा, मिळून जाईल. पण एक लक्षात ठेवा, सायकल थांबली की डायनॅमोचा दिवा विझतो. सिग्नलला, चढावर उतरून ढकलताना, वळायला रस्त्याच्या मधे थांबलात तेव्हा, नेमकं तेव्हाच मागं काही नसतं. म्हणून पुढं डायनॅमो चालेल, मागं बॅटरीचाच लाल दिवा लावा आणि वर टेप.

पूर्वभाग_अण्णा:
आमच्या कारखान्याच्या मालकाशी आज बोललो. म्हणाले टेपचा पूर्ण रोल आणून द्या, पैसे मी देतो, लावायचं तुम्ही बघा. एका रोलमधे किती सायकली होतील आणि लाल किती पांढरी किती घ्यायची?

सायकल_सोलापूर:
वा अण्णा! रोल बहुतेक ५० मीटरचा किंवा ४५ मीटरचा येतो, सायकलमागं अर्धा मीटर धरला तर नव्वद शंभर सायकली आरामात. लाल फक्त मागच्या मडगार्डला, बोटभर लांब पुरते, म्हणून लालचा पूर्ण रोल नको, दुकानातून फुटावर घ्या. पिवळी दांड्याला आणि पायडलला, ती जास्त. पांढरी पुढं हँडलखाली एक तुकडा. लाल पुढं कधीच लावू नका, समोरच्याला वाटतं आपण त्याच्याच दिशेनं चाललोय. शनिवारी पाळी सुटायच्या आधी अर्धा तास गेटवर येतो, कात्री, स्पिरिट आणि जुनी फडकी मी आणतो, अजून दोघं तिघं आले तर रांग लवकर उरकेल.

स्टेअरिंग_४०७:
शनिवारी माझी खेप रात्री दहाला आहे, त्याआधी येतो. टेंपो गेटसमोर लावून लाईट चालू ठेवतो, लावलेली प्रत्येक सायकल समोर धरून बघा कुठं चमकतंय कुठं नाही.

मंद्रूपकर:
कापड उरलं तर मला ठेवा थोडं.

पूर्वभाग_अण्णा:
ठेवतो. सहाला या सगळे.